व्हेगसला जाण्याआधी आमच्या व्याह्यांना भेटा

वॉटफर्ड, क्रॉयडन आणि आमचं बर्मिंगहॅम धरून ह्या देशातला एकही मराठी माणूस आमच्या व्याह्यांना विचारल्याशिवाय लास व्हेगसला गेलेला नाही, आणि जो गेला तो परत आल्यावर त्यांच्यासमोर मान वर करून उभा राहिलेला नाही. काशीला निघालेला माणूस आधी भटजींना गाठतो, तसा व्हेगसला निघालेला माणूस आधी वॉटफर्डची ट्रेन पकडतो. मंडळाने मला सांगितलं, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार उपयोगाच्या गोष्टी लिहून द्या, तुम्ही नुकतेच जाऊन आलात. मी जाऊन आलो हे खरं. पण मला जे ठाऊक आहे ते सगळं व्याह्यांचं आहे, म्हणून त्यांच्याबद्दलच लिहितो. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. मुलीचा बाप म्हटल्यावर माणसाने मुलाच्या बापासमोर जरा आवाज खाली ठेवावा अशी आपली रीत. ह्यांनी लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात माझ्या पायांकडे बघितलं आणि नमस्कार करायच्या आधी म्हणाले, "व्याही, ह्या बुटांत तुम्ही दोन तास काढणार नाही." दीड तासात मी अनवाणी होतो. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालतो, पण बुटांवरून नाही.

व्याह्यांनी सगळा जन्म पबातली फ्रूट मशीनं दुरुस्त करण्यात घालवला. नाणं टाकायचं, चक्रं फिरतात, लिंबं आणि चेरी दिसतात आणि नाणं परत येत नाही, ती मशीनं. ल्यूटनपासून क्रॉयडनपर्यंत कुठल्या पबात कुठल्या मशीनचा घसा बसलाय ते त्यांना तोंडपाठ होतं. रिटायर झाल्यावर ते तेरा वेळा व्हेगसला गेले आणि तेरा वेळांत त्यांनी तिथे एक नाणंही लावलं नाही. "मी ह्यांची पोटं उघडून बघितली आहेत," ते सांगतात. "आत सगळे पार्ट असतात. दया नावाचा पार्ट नसतो." मग जातात कशाला, तर मशीनं ऐकायला. कुणीतरी खेळत असतं आणि आमचे व्याही त्याच्या मागे हात पाठीशी बांधून, मान तिरकी करून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून उभे. दोनदा तिथल्या सिक्युरिटीने त्यांना बाजूला घेतलं. दुसऱ्या वेळी ह्यांनी त्या गार्डलाच सांगितलं की तुमच्या कोपऱ्यातल्या मशीनचा पंखा महिन्याभरात जाणार. विहीणबाई म्हणतात, "लोकांचे नवरे जुगारात पैसे घालवतात. चारचौघांत बोलायला काहीतरी असतं. माझा नवरा तिथे जाऊन नुसता कान देतो. कुणाला सांगू, भाऊ?"

जो कुणी विचारायला येईल त्याला व्याही नुसतं सांगत नाहीत, तालीम घेतात. पहिली तालीम चालण्याची. व्हेगसमध्ये हॉटेलं इतकी मोठी की समोर दिसतं ते समोर नसतं. रस्त्यापलीकडे वाटतं आणि चालायला लागलं की पाऊण तास. म्हणून माणसाला त्याच्या जुन्या बुटांत, हातात पाण्याची बाटली देऊन, वॉटफर्डच्या शॉपिंग सेंटरमध्ये घेऊन जायचं आणि सरकत्या जिन्यांवरून वर खाली पाच फेऱ्या मारायला लावायच्या. नवीन बुटांना सक्त बंदी. पुण्याहून नोकरीला आलेला एक तरुण कोरे पांढरे बूट घालून आला, तर त्याला ह्यांनी आठ दिवस ते घालून ऑफिसला जायची शिक्षा दिली आणि मगच पुढचा धडा. दुसरा धडा हवेचा. बाहेर भट्टी आणि आत बर्फाचं कपाट, म्हणून उन्हाळ्यात जात असलात तरी स्वेटर हातात आणि कानटोपी खिशात. हवा इतकी कोरडी की नाकातून रक्त येतं, म्हणून दोन्ही नाकपुड्यांत घरचं तूप लावायचं. तुपाची डबी चेक-इनच्या बॅगेत टाकायची, हातातल्या बॅगेत टाकलीत तर एअरपोर्टवाले ठेवून घेतील आणि त्यांना त्याचा उपयोग माहीत नाही. क्रॉयडनची एक बँकेत काम करणारी मुलगी म्हणाली, "काका, व्हॅसलीन चालेल ना?" व्याही म्हणाले, "चालेल. नाक तुझं आहे."

खेळायचं असेल त्याच्यासाठीही नियम आहेत. टेबलावर पत्ते वाटणाऱ्याच्या हातात पैसे कधी द्यायचे नाहीत, तो घेणार नाही, टेबलावर ठेवायचे आणि हात मागे घ्यायचा. आपल्या लोकांना हे सांगून कळत नाही, हातात दिल्याशिवाय दिल्यासारखं वाटत नाही. मग व्याही म्हणतात, "मीठ समजा. मीठ आपण कुणाच्या हातात देतो का? खाली ठेवतो, तो उचलतो. तसंच." हे एकदा ऐकलं की माणूस मरेपर्यंत विसरत नाही. जेवणाच्या बुफेत आधी हात मागे बांधून पूर्ण फेरी मारायची, ताट घ्यायचंच नाही, कारण पहिल्या टेबलावर मुद्दाम पाव आणि भात ठेवलेला असतो. रस्त्यात पिसं लावलेल्या बायका प्रेमाने खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या तर ते प्रेम नाही, फोटोचे पैसे आहेत. हा नियम व्याह्यांनी पहिल्याच ट्रिपमध्ये स्वतः शिकून घेतला. तो फोटो अजून त्यांच्या फ्रिजवर आहे. विहीणबाईंनी कात्री घेऊन बायका ठेवल्या आणि नवरा कापून टाकला. आणि सगळ्यात मोठा नियम खोलीतल्या फ्रिजचा. त्यातली बाटली नुसती उचलली तरी बिलात लागते. बर्मिंगहॅमचं एक जोडपं घरून वीस पुरणपोळ्या घेऊन गेलं होतं. त्या ठेवायला जागा हवी म्हणून बाईंनी सगळ्या बाटल्या काढून नीट ओळीने टेबलावर मांडल्या, फ्रिज आतून पुसला आणि पोळ्या ठेवल्या. निघताना बिल हातात आलं तेव्हा त्या पोळीइतकी महाग पुरणपोळी जगात कुणी खाल्ली नसेल. तेव्हापासून व्याह्यांच्या दिवाणखान्यात एक छोटा फ्रिज ठेवलेला आहे. येणाऱ्याला सांगतात, उघडा. त्याने बाटलीला हात लावला रे लावला की पाठीमागून घंटी वाजवतात.

त्यांच्या सगळ्या शिष्यांत पहिला नंबर आमच्या हिचा. दर गुरुवारी हिचा उपवास, स्वयंपाक नसे, म्हणून दुपारी फोन घेऊन बसायची आणि व्याह्यांना एकेक प्रश्न विचारायची. उत्तरं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. हिला व्हेगसला जायचं होतं आणि त्याला कारण मी. आम्ही ह्या देशात आलो तेव्हा मी फाउंड्रीत होतो आणि भाड्याच्या खोलीत विजेचं मीटर नाण्यांवर चालायचं. नाणं टाकलं की दिवा, नाणं संपलं की अंधार. त्या खोलीने मला जी सवय लावली ती स्वतःचं घर झालं तरी सुटली नाही. ही खोलीतून बाहेर पडली की मी मागून जाऊन दिवा बंद करायचो. कधी कधी ही आत असतानासुद्धा. भाजी चिरताना अंधार झाला की तिथूनच म्हणायची, "मी अजून आहे हं." ती म्हणायची, "इतकी वर्षं भोकात नाणी टाकली आणि त्यातून काय निघालं तर स्वयंपाकघरातला दिवा. एकदा मला खरं मशीन ओढून बघू दे. आणि जिथे माझ्या मागून कुणी दिवे बंद करत फिरत नाही असं एक गाव बघू दे." पोराने लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला दोघांची तिकिटं आणि हॉटेल काढून दिलं. जायचं होतं ऑक्टोबरात. ही फेब्रुवारीत गेली.

मी पोराला म्हटलं, कॅन्सल कर. दोघांची खोली, मी एकटा तिथे काय करू? तो बरं म्हणाला. मी काही कुणाला बोलावलं नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी दारात व्याही. वॉटफर्डहून ट्रेनने आलेले, फोन नाही, काही नाही. आत आले, चपला काढल्या आणि आधी घरातले दोन दिवे लावले. मी म्हटलं, "दिवसाचे दिवे कशाला?" ते म्हणाले, "मला तुमचं तोंड दिसत नाहीये. कॅन्सल करताय म्हणे."

"मग? तिच्याशिवाय जाऊ?"

"तिच्याशिवाय कोण जा म्हणतंय?" त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि टेबलावर एक सुपारी ठेवली. त्यांच्या देवघरातली, जुनी, गुळगुळीत. "माझ्या धाकट्या भावाची बायको गेली आणि वर्षाच्या आत मुलीचं लग्न निघालं. कन्यादानाला एकटा बाप बसला, तेव्हा भटजींनी काय केलं? कमरेला सुपारी खोचायला लावली. ही सुपारी म्हणजे बायको. चाललं ना? देवांना चाललं, ब्राह्मणांना चाललं, मुलाकडच्यांना चाललं."

"ते कन्यादान होतं. हा जुगाराचा अड्डा आहे."

"कन्यादानाला चालते आणि व्हेगसला चालत नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलंय ते मला दाखवा. मी शिकलेला नाही."

मीही सातवीपर्यंतचाच. पोथी आमच्या दोघांकडेही नव्हती. मी म्हटलं, विचार करतो. ते म्हणाले, "करा. आणि शनिवारी तालमीला या. जुने बूट घालून."

मी गेलो ते विचार करून नाही, विहीणबाईंनी अळूच्या वड्या केल्या होत्या म्हणून गेलो. शनिवारची तालीम घड्याळाची होती. व्हेगसच्या कसिनोत घड्याळ नसतं आणि खिडकी नसते, माणसाला वेळ कळू द्यायचा नाही हा त्यांचा धंदा. म्हणून व्याही दिवाणखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात ठेवतात, पडदे ओढतात, तुमचं मनगटी घड्याळ आणि फोन विहीणबाईंच्या पदराखाली जातो, आणि मग गप्पा सुरू. त्यांनी मला पबातल्या मशीनांच्या गोष्टी सांगितल्या. एका मशीनमध्ये उंदराने पिल्लं घातली होती आणि ती मोठी होईपर्यंत ह्यांनी वरिष्ठांना खोटे रिपोर्ट दिले, ती गोष्ट. एका मालकाने बायकोच्या लग्नातल्या अंगठीने मशीन खेळायचा प्रयत्न केला आणि ती अंगठी काढायला ह्यांना पाच तास लागले, ती गोष्ट. वड्या आल्या, चहा आला, परत चहा आला. मध्येच व्याही म्हणाले, "सांगा, किती वाजले?" मी म्हटलं, चारच्या आसपास असतील. त्यांनी पडदा सरकवला. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. पावणेसात. "नापास," व्याही म्हणाले आणि खूश होऊन टाळी वाजवली. ही गेल्यापासून माझ्या घरात दुपार संपता संपत नव्हती. घड्याळ भिंतीवर असून काटा हलत नव्हता. आणि इथे मी तीन तास कुठे ठेवले ते मला कळलं नाही. ट्रेनमध्ये बसल्यावर मी पोराला फोन केला की राहू दे, कॅन्सल करू नकोस.

निघायच्या आदल्या आठवड्यात शेवटचा धडा झाला. खोलीची किल्ली म्हणजे पत्त्याएवढं कार्ड असतं. दाराच्या आत भिंतीला एक खाच असते, कार्ड तिच्यात घातलं की खोलीतले दिवे लागतात, बाहेर पडताना काढलं की सगळं बंद. "काउंटरवर दोन किल्ल्या मागायच्या," व्याही म्हणाले. "एक तुमच्या खिशात, एक खाचेत. बाहेर जाताना दिवे चालू ठेवून जायचं."

"वीज फुकट जाईल."

"त्या गावात दिवा बंद करणाऱ्या माणसाला डॉक्टरकडे नेतात, व्याही. दोन किल्ल्या. म्हणून दाखवा."

"दोन किल्ल्या."

"इंग्रजीत."

"टू कीज."

हीथ्रोला पोरगा आणि सून सोडायला आले होते आणि व्याही आले होते ते वाटीत दही घेऊन. गाडीत सांडेल म्हणून वाटीवर कानटोपी घातली होती. त्यांनी माझ्या तळहातावर दही घातलं, सुपारी स्वतःच्या हाताने माझ्या पँटच्या कमरेत, पट्ट्याच्या आत खोचली आणि म्हणाले, "नीट जा दोघं." मी आत गेलो, हात वर करून त्या काचेच्या मशीनमध्ये उभा राहिलो आणि पडद्यावर माझ्या कमरेशी पिवळा चौकोन आला. एक उंच गोरा माणूस आला, हातमोजे घातलेले. त्याने चाचपलं, सुपारी बाहेर काढली, उजेडात धरली. "अँड व्हॉट्स धिस, सर?" माझ्या तोंडातून जे खरं होतं तेच निघालं. मी म्हटलं, "माय वाइफ." मागे रांग थांबलेली. त्याने सुपारीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातावर अजून थोडं दही होतं त्याच्याकडे बघितलं. मग सुपारी दोन बोटांनी हळू माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "ऑफ यू गो, देन. बोथ ऑफ यू."

व्हेगस कसं आहे ते मी सांगत नाही, ते व्याह्यांनी सांगितलं तसंच आहे. समोर दिसतं ते समोर नाही. नाकात तूप लावलं, बूट जुने होते, फ्रिजला हात लावला नाही. पिसं लावलेल्या दोघी आल्या तेव्हा मी बर्मिंगहॅमच्या आवाजात नो म्हटलं आणि त्या पळाल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, एक किल्ली की दोन, मी म्हटलं टू. ओढायचा दांडा असलेली मशीनं आता फारशी उरली नाहीत, सगळी बटणांची झाली, पण व्याह्यांनी एका कागदावर जुन्या भागातल्या एका हॉटेलचा नकाशा काढून दिला होता, दार, जिना, मागची भिंत, डावीकडून तिसरं. खाली लिहिलं होतं, 'एकदाच ओढा. एकदा ओढलं तर दर्शन, दुसऱ्यांदा ओढलं तर जुगार.' मी बसने गेलो. मशीन होतं. डाव्या मुठीत सुपारी घेतली, नाणं टाकलं आणि दांडा ओढला. जड होता. हिला दोन्ही हात लागले असते. चक्रं फिरली आणि लिंबू, लिंबू, घंटा येऊन थांबली. काही पडलं नाही. मी म्हटलं, झालं बघ, मीटरसारखंच. आणि उठलो.

दुपारी तीनच्या सुमारास उन्हातून हॉटेलात परत आलो. पाय दुखत होते. त्या लांबलचक बोळातून माझ्या खोलीपर्यंत जाताना मला कळलं की मी पाऊल ओढतोय. आठ महिने मला तेच होत होतं. बर्मिंगहॅमला दुकानातून परत येताना मी कोपऱ्यावर उभा राहायचो, आपल्या काळ्या खिडकीकडे बघायचो आणि परत दुकानात जाऊन नको असलेलं दूध घ्यायचो. इथे तर पडदे इतके जाड की भर दुपारी आत काळोख, तेही व्याह्यांनी सांगितलेलं. मी कार्ड लावलं, दार ढकललं. आत सगळे दिवे लागलेले होते. पलंगाजवळचा, टेबलावरचा, न्हाणीघरातला सुद्धा. दुसरं कार्ड खाचेत होतं, मीच सकाळी घालून गेलो होतो, तरी मी दारातच उभा राहिलो, जणू आत कुणीतरी आहे आणि भाजी चिरतंय. मग मी बूट काढले, सुपारी हिच्या बाजूच्या उशीवर ठेवली आणि चार वर्षांच्या पोरासारखा झोपलो. दिवे तसेच.

परत आल्यावर व्याह्यांनी मला गाव कसं होतं हे एका शब्दाने विचारलं नाही. चक्रांवर काय आलं ते विचारलं. मी सांगितल्यावर गंभीर झाले आणि म्हणाले, "घंटेला किंचित उशीर होतोय. तिसरी स्प्रिंग." सुपारी मी परत द्यायला गेलो तर घेतली नाही. म्हणाले, तुमच्या देवघरात राहू द्या, तिला आता प्रवासाची सवय झाली. आता दर गुरुवारी दुपारी तेच फोन करतात. व्हेगसला आता त्यांना जाता येत नाही, छाती उघडून झाली आहे आणि इन्शुरन्सवाले ऐकत नाहीत, त्यामुळे बोलायला त्यांना वेळ भरपूर असतो आणि तालमींना तर काही खंड नाही.

गेल्या महिन्यात सून आली होती. मी तिला सहज म्हटलं, तुझ्या वडिलांचा तो दोन किल्ल्यांचा नियम मात्र लाखाचा. ती म्हणाली, "कुठला रूल, बाबा? डॅड तर सगळ्यांना सांगतो, वन कार्ड ओन्ली. दोन घेतला की एक लॉस्ट होतो." गुरुवारी व्याह्यांचा फोन आला तेव्हा सरळ विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"व्याही, दोन किल्ल्या बाकीच्यांना सांगत नाही तुम्ही."

 ते म्हणाले, "बाकीचे जोडीने जातात हो. दार उघडलं की एक जण आधी आत शिरतो आणि दिवा लावतो." आणि लगेच, "बरं, परवा मंडळात येताना ते काळे बूट घालू नका. लंगडता त्यांत."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मी पुढच्या खोलीत होतो आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. तो आता मी बंद करत नाही. बाहेर जाताना तर नाहीच. बिल येतं. भरतो.